विद्यार्थ्यांना ऊस देणे बंद करावे

बोरवाडी, पोस्ट मुरुम
२ जानेवारी १९५८

ती. अंबादासमामा आणि सौ. सत्यभामामामी यांना शारदेचा साष्टांग नमस्कार.

मामा, तुमचं कार्ड मिळालं. मी सुखरूप आहे. मुरुमपर्यंत मोटार मिळाली, पुढं वीरप्पांची बैलगाडी. वीरप्पा इथले मोठे बागायतदार, शाळा कमिटीचे मेंबर. उसाचा मळा एवढा की गाव मळ्यात आहे की मळा गावात, कळत नाही. विठाबाई म्हणून एकट्याच राहतात, त्यांच्याकडं मला खोली मिळाली. आल्या आल्या येळवस होती. वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं, तेव्हा वीरप्पांच्या शेतात ताकातली आंबील पिऊन मी अशी झोपले की शाळेची नवी बाई आजारी आहे असं गावात झालं.

शाळा म्हणजे एक लांब खोली, मधे बांबूचा तट्ट्या. अलीकडं माझी पहिली-दुसरी, पलीकडं मोठे गुरुजी वसंतराव यांची तिसरी-चौथी. गुरुजी वाईट माणूस नाहीत. अक्षर सुरेख, गणित पक्कं. पण टेबलावर एक वेत असतो. सोलापूरहून आणलेला, तेल पाजलेला, मुठीला लाल फडकं. पाढा चुकला की वेत, हसलं की वेत, शिंक आली तरी वेत. तट्ट्यातून आवाज आला की माझी पहिलीची पोरं आपोआप हात पाठीमागं घेतात.

परवा गुरुजी व्याकरण घेत होते. विचारलं, "वेत, लिंग कोणतं?" वीरप्पांची नात गंगव्वा चौथीत आहे. घरी कन्नड बोलते, मराठी शाळेत शिकली. ती म्हणाली, "दोन हायत गुरुजी. तो वेत मारतो, ते वेत दूध देतं." म्हशीचं पहिलं वेत, दुसरं वेत म्हणतात ना, ते! पोरीचं अगदी बरोबर होतं. मी तट्ट्याअलीकडं तोंडात पदर कोंबला. गुरुजींनी मात्र तिला त्यातला मारणारा दाखवला.

आता खरी गंमत. सोमवारी धाराशिवच्या शिक्षण कचेरीतून एक परिपत्रक आलं. जसंच्या तसं लिहिते:

"प्राथमिक शाळांतून विद्यार्थ्यांना ऊस देणे ताबडतोब बंद करावे. शाळेच्या आवारात ऊस ठेवण्यात येऊ नये. कसूर करणाऱ्या शिक्षकाची गय केली जाणार नाही."

ट्रेनिंगला असताना आम्हाला सांगितलं होतं की छडीबंदीचा हुकूम येणार आहे. म्हणजे मूळ इंग्रजीत 'केन' असणार, आणि कोणा शहाण्यानं त्याचा ऊस केला! गुरुजींनी हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला, हातात वेत धरून. आता दारात पोरांची दप्तरं तपासतात. सापडलेला ऊस जप्त होतो आणि मधल्या सुट्टीत गुरुजी तो ओसरीवर बसून सोलून खातात, म्हणजे आवारात राहायला नको.

तुम्ही त्याच कचेरीत आहात. हे भाषांतर कोणत्या गाढवानं केलं तेवढं शोधून काढा, आणि माझ्या वतीनं त्याचा कान धरा.

तुमची
शारदा


धाराशिव
८ जानेवारी १९५८

चि. शारदेस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तब्येत सांभाळ. आंबील बेतानं पी.

परिपत्रकाबद्दल तू जे लिहिलंस ते उतावीळपणाचं आहे. कचेरीतल्या ज्या मुलाजिमानं तो तर्जुमा केला त्याला मी जवळून ओळखतो. तो गाढव नाही. त्याची सगळी तालीम उर्दूत झाली. निजामाच्या अमदानीत त्यानं असे मसुदे लिहिले की मोठ्या साहेबांचे पेशकार उभे राहून वाचायचे. आता राज्य बदललं, भाषा बदलली, आणि मुंबईहून कागद येतात ते इंग्रजीत. इंग्रजीतून मराठी करायचं, आणि तेही उद्या सकाळी.

शिवाय लफ्जाचा मामला नाजूक आहे. कोशात 'केन' काढून बघ: ऊस, वेत, वेळू, बोरू, नळ. ऊस पहिला. पहिल्याला डावलून दुसऱ्याला पुढं बसवायचं ते कोणत्या कायद्यानं? वेत आपल्या जिल्ह्यात उगवत नाही. तो कुठल्या तरी जंगलातला वेल आहे. ऊस घरोघरी आहे. सरकार जे बंद करतं ते जे घरोघरी असतं तेच, असा त्या मुलाजिमाचा कयास होता.

दुसरी अडचण, इंग्रजीत 'केन' हा इस्मही आहे आणि फेलही आहे. तू मराठी व्याकरणात त्याला नाम आणि क्रियापद म्हणतेस. पहिल्या वाक्यात 'केनिंग' असं फेल आलं होतं. उसाचं क्रियापद कसं करायचं? 'उसावणे' म्हणावं तर ते उसवण्यासारखं दिसतं. म्हणून 'ऊस देणे'. यात हसण्यासारखं काय आहे?

तू नवी आहेस. वरच्या कागदावर टीका करू नये.

तुझा
अंबादासमामा

ता. क. शारदे, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून लिहिते. तो मुलाजिम कोण ते तुला कळलं असेलच. तुझं पत्र आल्यापासून दोन्ही कानांना मफलर बांधून बसलेत. थंडी आहे म्हणतात.


बोरवाडी
१५ जानेवारी १९५८

ती. मामांना साष्टांग नमस्कार. तिळगूळ सोबत आहे, गोड बोला.

मामा, मी आधी तुमचे पाय धरते. मला ठाऊक असतं तर गाढव हा शब्द मी लिहिलाच नसता. घोडा लिहिला असता. 'केन' हा फेल आहे हे तुम्ही लिहिलंत ते मात्र पटलं. फेल कोण झालं ते दिसतंच आहे. रागावू नका. तुम्ही मला शिकवलंत म्हणून मी आज तुमच्या चुका काढू शकते.

पण आता थट्टा पुरे. काल संक्रांत झाली. इथल्या बायका सुगडात ऊस, बोरं, हरभरा घालतात, ते तुम्हाला सांगायला नको. गंगव्वा घरचं वाण मला द्यायला शाळेत घेऊन आली. सुगडात उसाची कांडी होती, बोटाएवढी. गुरुजींनी दारातच सुगड उचललं, कांडी काढली आणि विचारलं, "हुकूम ऐकला होता की नाही?" ती म्हणाली, "बाईंसाठी हाय." गुरुजी म्हणाले, "हुकूम बाईंनाही लागू आहे." आणि मग तिच्या दोन्ही हातांवर वेत.

मी तट्ट्या ओलांडून गेले. म्हणाले, "गुरुजी, सरकारनं ऊस नव्हे, वेत बंद केलाय."

त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "बाई, वाचता येतं ना? वेत हा शब्द दाखवा."

मला दाखवता आला नाही.

आज गंगव्वानं पाटीवर पेन्सिल धरली आणि खाली ठेवली. बोटं मिटत नाहीत. रडली नाही. डाव्या हातानं लिहू का, एवढंच विचारलं. मामा, ज्या कागदानं तिचे हात वाचायचे, त्याच कागदानं तिला मार बसला.

तुम्ही एक शुद्धिपत्र काढा. एका ओळीचं काम: 'ऊस' या शब्दाच्या जागी 'वेत' असे वाचावे. कान धरायचं मी मागं घेते, पण एवढं कराच.

तुमची
शारदा


धाराशिव
२१ जानेवारी १९५८

चि. शारदेस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. त्या मुलीच्या हाताला हळद आणि तेल लाव.

आता मी सरळच लिहितो. शुद्धिपत्र मला काढता येत नाही. परिपत्रकावर सही साहेबांची आहे. मी चुकलो असं लिहिलं तर साहेबांनी न वाचता सही केली असंही लिहिल्यासारखं होतं, आणि ते कोणता साहेब ऐकून घेईल? उर्दूवाल्या आम्हा सगळ्यांचा मराठीचा इम्तिहान झालाय, निकाल मार्चमध्ये आहे. त्यात पास झालो आणि कामाबद्दल तक्रार नसली, तर तर्जुम्याच्या जागेवर कायम. नाहीतर जावक टेबलावर पाकिटं चिकटवायची. ज्या माणसाचे मसुदे पेशकार उभे राहून वाचायचे, त्यानं या वयात जिभेनं तिकिटं ओली करायची.

मला भीती वाटते, शारदे. दुसऱ्या कोणाला मी हे लिहिलं नसतं. रोज सकाळी नवा इंग्रजी कागद टेबलावर येतो आणि प्रत्येक शब्दाच्या पोटात चार-चार शब्द बसलेले दिसतात. कोणता बाहेर काढू? उर्दूत असं होत नव्हतं. तिथं मी मालक होतो.

तुला जे करता येईल ते कर, पण कागदावर काही लिहू नकोस. कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर येईल.

तुझा
अंबादासमामा

ता. क. मी मामी. मी हे पत्र दोनदा वाचलं. यांना कागदाची भीती, तुला वेताचा राग. मला एवढंच सुचतं की तुमच्या गावात ऊस लई आहे म्हणतेस, तर सगळा पोरांनीच का आणावा? हुकूम गुरुजींनाही लागू आहे ना?


बोरवाडी
४ फेब्रुवारी १९५८

ती. मामा, नमस्कार. हे पत्र आधी मामीला वाचू द्या, मग तुम्ही वाचा, आणि वाचताना बसून घ्या.

गेल्या आठवड्यात वेत मोडला. मी हात लावला नाही. चौथीत गलका झाला म्हणून गुरुजींनी तो दप्तराच्या लोखंडी पेटीवर आपटला आणि तो उभा चिरला. त्या दिवशी शाळेत इतकी शांतता होती की मला वाटलं कोणी गेलं.

संध्याकाळी वीरप्पा विठाबाईंच्या ओसरीवर आले. सोलापूरच्या बाजाराला निघाले होते. म्हणाले, "मास्तरनं बेत्त आणायला सांगितला बाई. कन्नडात आमी बेत्त म्हंतो. नातीचा हात फोडायला मीच बेत्त आणू?"

मी म्हणाले, "नका आणू. पण रिकाम्या हातानंही येऊ नका."

"मग काय आणू?"

"तुमच्या खोडव्याच्या पिकातला ऊस. सगळ्यात बारीक, सगळ्यात सरळ. करंगळीपेक्षा जाड नको."

वीरप्पांच्या मिशा हलायला लागल्या. "कब्बु!" म्हणाले. कन्नडात उसाला कब्बु म्हणतात. "बेत्त म्हणून कब्बु!"

विठाबाई म्हणाल्या, "आन् त्यानं वळखलं तर?"

वीरप्पा म्हणाले, "वळखायला कधी ऊस तोडलेला पायजे. त्यानं नुसता खाल्लाय, तेबी दुसऱ्याचा."

पुढचं काम विठाबाईंचं. ऊस सावलीत वाळवला, पाचट काढलं, डोळे खरवडले, चुलीच्या धगीवर फिरवून तपकिरी केला, एरंडेल चोळलं आणि मुठीला लाल फडकं गुंडाळलं. "सासूच्या काठीला बी म्या असंच तेल पाजायची," म्हणाल्या. पेरं ऊस-वेत दोघांनाही असतात, तेव्हा लांबून कळत नाही. जवळूनही कळत नाही, जर आपण रोज सगळ्यांकडं लांबूनच बघत असलो तर.

देण्याआधी मी तो माझ्या हातावर मारून बघितला. पोरांना जास्त लागणार असेल तर हा खेळ मला नको होता. लागत नाही. वेतासारखा लवत नाही, नुसता धप्प बसतो.

गुरुजी भलतेच खूश झाले. हवेत फिरवला, म्हणाले, "वीरप्पा, माल भारी आहे. हाताला वजन लागतं." वीरप्पा म्हणाले, "खास तुमच्यासाठी निवडला."

आता मामा, शांतपणे विचार करा. परिपत्रक म्हणतं, आवारात ऊस ठेवू नये. तो आता मोठ्या गुरुजींच्या टेबलावर आहे. तुमचा तर्जुमा बरोबर करायला मला कागद लागला नाही.

एकच अडचण आहे. मुंग्या. कालपासून टेबलाच्या पायावरून एक रांग चढते. गुरुजी राख टाकतात, रांग वळसा घालते.

तुमची
शारदा


धाराशिव
१० फेब्रुवारी १९५८

शारदे,

आशीर्वाद नंतर. हे तू काय केलंस! तो ऊस ताबडतोब शाळेतून काढ. विठाबाईंना चुलीत घालायला सांग.

आमच्याकडं पुण्याकडचे एक नवे इन्स्पेक्टर साहेब आले आहेत. अत्यंत कडक. मराठी अशी बोलतात की प्रत्येक वाक्य छापून यावं. त्यांच्याजवळ सगळ्या परिपत्रकांची मूळ इंग्रजी नक्कल आहे. ते बुधवारी मुरुमच्या दौऱ्यावर निघत आहेत. बोरवाडी त्यांच्या यादीत आहे की नाही ते मला कळलं नाही, विचारायचा धीर झाला नाही.

त्यांनी वेत बघितला असता तर गुरुजी अडकले असते, आणि गुरुजी माझा कागद पुढं करून सुटले असते. ऊस बघितला तर काय होईल ते मला सुचतच नाही. दोन्ही बाजूंनी मीच दिसतो.

हे पत्र मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, म्हणजे लवकर पोचेल.

अंबादास

ता. क. मी मामी. मला फार हसू येतंय, पण तोंड वळवून हसते. मुंग्यांना मात्र काहीतरी कर.


बोरवाडी
१६ फेब्रुवारी १९५८

ती. मामा आणि मामी, दोघांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र साहेब निघून गेल्यावर मिळालं. ड्रायव्हर मुरुमला पाहुण्यांकडं राहिला होता.

साहेब शुक्रवारी आले. पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत फाईल. आधी माझ्या वर्गात आले, पहिलीकडून गाणं म्हणवून घेतलं, "उच्चार समाधानकारक आहेत" म्हणाले आणि तट्ट्यापलीकडं गेले. मी फळा पुसायचं सोंग करून कान तिकडं लावला, मग कान पुरेना म्हणून तट्ट्याच्या भोकाला डोळा लावला.

गुरुजी टेबलापुढं उभे होते, हात मागं. साहेब म्हणाले, "आपल्या पाठीमागे काय आहे?"

"काही नाही साहेब. नकाशा दाखवायची काठी."

"पाहू."

गुरुजींनी हात पुढं केला. साहेबांनी काठी घेतली, लाल फडकं पाहिलं, तेल पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा वेत आहे. परिपत्रक आपणांस पोचले नाही काय?"

गुरुजी जणू याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी पेटी उघडली, कागद काढला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला. "पोचलं साहेब. अक्षरशः पाळतो. यात वेत हा शब्दच नाही."

साहेबांनी वाचलं. मग काठी काखेत अडकवून फाईल उघडली, इंग्रजी कागद काढला, तो वाचला. परत मराठी वाचला. मामा, त्या वेळी मी तुम्हाला जावक टेबलावर बसलेलं बघितलं. मला वाटलं, पुढं जावं आणि सगळं आपल्या अंगावर घ्यावं.

साहेब हळूच म्हणाले, "विद्यार्थ्यांना ऊस देणे... हे भाषांतर कोणी केले?"

गुरुजी म्हणाले, "ते आम्हाला काय ठाऊक साहेब? आम्ही हुकमाचे ताबेदार. वेत चालतो, ऊस चालत नाही."

आणि तेवढ्यात साहेबांनी हात झटकला. परत झटकला. काठी त्यांच्या काखेत होती आणि मुंग्यांनी रस्ता बदलला होता. त्या कोटाच्या बाहीत शिरल्या होत्या. साहेबांनी काठी टेबलावर टाकली, ती कडेवर आपटली आणि पेऱ्यात कटकन मोडली. वेत असा मोडत नाही. आतून पांढरा, ओलसर गर दिसला.

चौथीचा सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "ऊस!" गंगव्वा तेवढी "कब्बु!" म्हणाली.

साहेबांनी तुकडा उचलला, हुंगला, आणि बहुतेक इतका वेळ फिरून तहान लागली असेल, दाताखाली धरला. गुरुजींचा चेहरा बघवत नव्हता. ज्या कागदाच्या आड ते लपले होते तोच कागद साहेबांच्या दुसऱ्या हातात होता.

"हा ऊस आहे," साहेब म्हणाले.

"व्हय... नाही... साहेब, हा वेतच आहे!" गुरुजी म्हणाले, आणि काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. वेत म्हणावं तर इंग्रजी कागद आड येतो, ऊस म्हणावं तर मराठी.

साहेबांनी परत एकदा कागद पाहिला, मग उसाचा तुकडा. मग त्यांचा चेहरा उजळला. "आता उलगडा झाला! या भागात शिक्षेसाठी ऊस वापरतात! वेत इकडे मिळत नाही. भाषांतरकाराने शब्दकोशाकडे न पाहता स्थानिक प्रथेकडे पाहिले. 'वेत' लिहिले असते, तर आपण ऊस दाखवून सुटला असता. केवढी दूरदृष्टी!"

मामा, मी देवाशपथ सांगते, मी तट्ट्याला धरून उभी होते म्हणून पडले नाही.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं आहे की मुख्याध्यापक उसाने शिक्षा करताना आढळले, यापुढे शाळेत कोणत्याही वनस्पतीने विद्यार्थ्यांस मारू नये. 'कोणत्याही वनस्पतीने' याच्याखाली रेघ आहे.

संध्याकाळी गुरुजी विठाबाईंच्या ओसरीवर आले. मी चहा दिला. ते म्हणाले, "बाई, ऊस म्हणजे मूळ इंग्रजीत केन असणार, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग तसं वर कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर वेत खाली ठेवावा लागला असता." त्यांनी चहा संपवला. "आताही कळवता येत नाही. कळवलं तर ठाऊक असून मारत होतो असं होतं."

म्हणजे तुम्ही निर्धास्त राहा. उसाचा वेत कोणी केला, हे त्यांनी विचारलं नाही. जाताना विठाबाईंच्या चुलीकडं मात्र एकदा बघितलं.

तुमची
शारदा


धाराशिव
१२ मार्च १९५८

चि. शारदेस अनेकोत्तम आशीर्वाद.

इम्तिहानात पास झालो. काल कायमचा हुकूम मिळाला. कचेरीच्या साहेबांनी आपल्या खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा वाचून दाखवला. "अंबादासराव, असा तर्जुमा ग्रंथ वाचून येत नाही, माती ओळखावी लागते," म्हणाले. मी मान खाली घातली. साहेबांना तो नम्रपणा वाटला.

तुझ्यावर रागवावं असं फार वाटतं, जमत नाही. त्या मुलीचा हात बरा झाला का? ते लिही. कायम झाल्याचा आनंद होतो, आणि मग तिची बोटं आठवतात. तिच्यासाठी पाटी आणि पेन्सिलींचा डबा पाठवला आहे. माझं नाव सांगू नकोस.

आता एक शब्द दिसला की मी उठून जवळच्या टेबलावर विचारतो. लाज वाटते, पण विचारतो. तरुण पोरं आहेत, सांगतात. तीही मला उर्दूतल्या जुन्या दाखल्यांचं विचारतात, मग बरोबरी होते.

तुझा
अंबादासमामा

ता. क. मी मामी. सगळं खरं आहे, पण एक सांगायचं राहिलं. परवा शेजारी पंगत होती, तिथं यांनी चार माणसांना समजावून सांगितलं की ऊस हा शब्द आपण फार विचार करून योजला होता. मी वाढत होते. यांचं तोंड भरून राहावं म्हणून पानात भात जरा जास्तच वाढला.


बोरवाडी
२३ मार्च १९५८

ती. मामा-मामींना साष्टांग नमस्कार.

पास झाल्याचं वाचून मी विठाबाईंकडून शिरा करवून घेतला. त्यांनी कशाचा म्हणून विचारलं, मी मामांच्या दूरदृष्टीचा म्हणाले. पाटी मिळाली. गंगव्वाचा हात बरा आहे. उजव्या हातानं लिहिते, आणि मधल्या काळात शिकली म्हणून डाव्यानंही. वर्गात दोन्ही हातांनी लिहिणारी ती एकटीच, त्यामुळं आता तोरा सांभाळवत नाही.

मोठ्या गुरुजींचं मात्र कठीण झालं होतं. साहेब गेल्यावर पहिले काही दिवस त्यांना हाताचं काय करावं तेच कळेना. हात टेबलावर ठेवायचे, कोटाच्या खिशात घालायचे, परत काढायचे. पोरांना एकदा कळलं की आता काही बसणार नाही, मग काय विचारता! तिसरी बाकावर चढली, चौथी दाराबाहेर गेली. गुरुजी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे.

एक दिवस तट्ट्याच्या भोकातून चिठ्ठी आली. "बाई, तुमच्या वर्गात गप्प कसे बसतात?"

मी उलट लिहिलं, "गप्प बसत नाहीत. मी हळू बोलते, म्हणून ऐकायला बसतात."

दुसऱ्या दिवशी पलीकडून आवाजच येईना. मला काळजी वाटली, जाऊन बघितलं. गुरुजी खुर्चीवर बसून काहीतरी सांगत होते, इतकं हळू की दारात उभी राहून मला एक शब्द कळेना. बसलेल्या घशाला तेवढंच झेपत होतं म्हणा. मागची पोरं "काय म्हणाले? काय म्हणाले?" करत पुढं सरकली. त्यांच्या मागची त्यांच्या पुढं. सरकत सरकत सगळी तिसरी-चौथी टेबलाखाली, खुर्चीभोवती, अगदी पायांशी येऊन बसली. एकानं तर ऐकू यावं म्हणून गुरुजींच्या गुडघ्यावर कोपर टेकलं होतं. इतकी पोरं इतक्या जवळ त्यांच्या आयुष्यात कधी आली नसावीत. गुरुजी घाबरून पाय वर घेऊन बसले होते, आणि बोलायचे थांबत नव्हते.

मी विचारलं, "गुरुजी, शाळा सुटायची वेळ होऊन गेली. घंटा देऊ का?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प केलं.

तुमची
शारदा